कोकणच्या प्रवासात चित्रवही: रंगांचं सामान किती आणि कोणतं न्यावं?

सागरगोटी
नमस्कार. दिवाळी झाली की आई आणि मी आठवडाभर कोकणात फिरणार आहोत. रत्नागिरीपर्यंत कोकण रेल्वे, पुढे एसटी आणि मिळेल ती रिक्षा. थिबा राजवाडा, विजयदुर्ग, पिंगुळी, सावंतवाडी आणि शेवटी वेंगुर्ला असा बेत आहे. मी जलरंगात काम करते, पण घरी, टेबलावर, हाताशी नळ असताना. या वेळी रोज एक तरी पान रंगवायचं आणि त्याच दिवशी त्याखाली चार ओळी लिहायच्या असं पक्कं ठरवलंय.

अडचण जागेची आहे. दोघींत मिळून एक सॅक आणि एक खांद्याची पिशवी. आईची औषधं, पाणी, छत्री एवढं भरल्यावर रंगांसाठी जेमतेम जेवणाच्या डब्याची पिशवी मावेल इतकी जागा उरते. ट्यूब न्याव्यात की वड्या? पाणी भरायचा ब्रश खरंच उपयोगी पडतो का? कागद सुटा की वही? आणि लिहायला वेगळी वही ठेवता की एकच? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगा, मी सगळं वाचणार आहे.

हिरवाचाफा
छान धागा. मलाही पुढच्या महिन्यात हेच हवंय. वाचनखूण साठवली.

गोदाकाठ
सागरगोटी, यादी करण्याआधी एक करा. तिकडे कोणते रंग दिसणार आहेत ते डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतरच्या कोकणात मुख्यतः जांभा दगड, कौलं, माड आणि पाणी. शिवाय भाताचे कापलेले खुंट आणि पिवळं पडू लागलेलं गवत. एवढ्याला चोवीस रंगांची पेटी लागत नाही, सहा पुरतात: अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पर्मनंट रोझ (गुलाबी). काळा नेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवले की काळ्यापेक्षा चांगला गडद रंग मिळतो, आणि त्यात पाणी वाढवत गेलात की ढगांपासून मंदिराच्या सावलीपर्यंत सगळे राखाडी त्याच दोघांतून निघतात.

ट्यूब घेताना पुढच्या नावावर जाऊ नका. मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो वाचा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. गुलाबीवर पीव्ही १९ आहे का बघा. अलिझरिन क्रिमझनवर पीआर ८३ लिहिलं असेल तर तो रंग उजेडात उडतो. वहीत मिटलेला असेपर्यंत टिकेल, पण पुढेमागे ते पान भिंतीवर लावावंसं वाटलं तर पंचाईत होते.

जांभ्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या प्रत्येक पानावर तो येणार आहे. ताजा चिरा केशरट तांबडा असतो आणि त्यात पिवळट नसा दिसतात. त्यासाठी ऑकर आणि सिएना पॅलेटवर ढवळायचे नाहीत, ओल्या कागदावरच एकमेकांत सोडायचे. अनेक पावसाळे खाल्लेली भिंत मात्र काळपट जांभळी दिसते, वर वाळलेल्या शेवाळाची राखाडी छटा. तिथे सिएनात अल्ट्रामरीन आणि रोझचा अगदी टिपका. चिऱ्याची भोकं एकेक करून रंगवू नका. ब्रश फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि आडवा धरून कागदावरून ओढा. खरबरीत कागदाच्या खळग्यांत रंग पोचत नाही आणि दगडाचा पोत आपोआप उमटतो.

माडाला तयार सॅप ग्रीन वापरू नका. झावळीचा वरचा भाग आकाश झेलतो, म्हणून दुपारी तो हिरव्यापेक्षा निळसर पांढुरका दिसतो. जिथे उजेड पानातून आरपार येतो तिथे ती लिंबासारखी पिवळी पेटते. हे दोन भाग वेगळे ठेवलेत तर माड उभा राहतो.

वेलबुट्टी
गोदाकाठ, जांभ्याचं वर्णन वाचून उठून रंग काढावेसे वाटले!

सामानाचं सांगते. माझा सगळा संच शाळेच्या पत्र्याच्या कंपासपेटीत मावतो. आतला प्लास्टिकचा खण काढून टाकायचा. झाकणाच्या आतून पांढऱ्या एनॅमल स्प्रेचे पातळ दोन हात द्यायचे आणि चांगले वाळू द्यायचे. तेच पॅलेट. रिकामे हाफ पॅन, म्हणजे रंगाची वडी बसते ते छोटे खण, ऑनलाइन मिळतात, साधारण १९ मिमी लांब आणि १६ मिमी रुंद. त्यांच्या तळाला चिकट चुंबकपट्टीचा तुकडा लावला की पत्र्यावर घट्ट बसतात. पेटी लोखंडी पत्र्याचीच हवी, ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही.

ट्यूबमधून पॅन भरताना घाई करायची नाही. आधी चारही कोपऱ्यांत रंग पिळायचा, मग मधे. टूथपिकने हलकेच ढवळून हवा बाहेर काढायची. अर्धा भरून दोन दिवस सावलीत वाळू द्यायचा आणि मग वरचा थर. एकदम काठोकाठ भरला तर वाळताना रंग आक्रसतो, मधे चीर पडते आणि प्रवासात वडी सुटून बाहेर येते. ५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन हाफ पॅन भरून थोडा रंग उरतो. विद्यार्थी वापराचे काही रंग वाळल्यावर फार टणक होतात. त्यात भरतानाच ग्लिसरीनचा एक थेंब घातला की ओला ब्रश लागताच सुटतात. तेव्हा सागरगोटी, निघायच्या आदल्या रात्री हे होणार नाही, किमान आठवडा आधी भरायला घ्या.

पेटीत पॅनशेजारी उरलेल्या जागेत कापून आखूड केलेली २बी पेन्सिल, खोडरबराचा तुकडा आणि पांढऱ्या मेणबत्तीचं बोटाच्या पेराएवढं टोक ठेवते. संध्याकाळच्या समुद्रावर चमक हवी असेल तिथे मेणबत्ती आडवी हलकी फिरवायची आणि वरून रंग सोडायचा. मेणावर रंग धरत नाही, कागदाचा पांढरा तसाच लखलखत राहतो.

निळावंती
मी थोडं वेगळं सांगेन. पॅन भरणं, स्प्रे मारणं हे सगळं निवांत वेळ असणाऱ्याला ठीक आहे. नोकरी सांभाळून निघायचं तर बारा हाफ पॅनची तयार खिशातली पेटी घ्यावी. त्यातले तुम्हाला नको असलेले रंग काढून ठेवता येतात आणि त्या जागी आपले भरता येतात. काढता येणारे पॅन आहेत ना एवढं मात्र बघून घ्या, काही स्वस्त पेट्यांत वड्या पत्र्याला चिकटवलेल्या असतात.

माडबनी
मी देवगडकडची. इथल्या हवेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण घाटावरून येणाऱ्यांचं सामान इथे हवेमुळे बिघडतं.

दिवाळीनंतर पाऊस गेला तरी किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ ओल असते. मध घालून केलेले काही परदेशी जलरंग मिळतात, ते सुंदर असतात, पण इथे ते पॅनमध्ये कधी पुरते वाळत नाहीत. पेटी सॅकमध्ये उभी राहिली की ओघळतात. साध्या डिंकाचे रंग आणा.

त्या डिंकाला बुरशीही लागते. काम झालं, रंग ओले असतानाच झाकण मिटलं आणि पेटी सॅकच्या तळाला गेली की दोन-तीन दिवसांत वर पांढरी लव दिसते. म्हणून मुक्कामी पोचल्यावर पेटी उघडून पंख्याखाली ठेवायची, हात-पाय धुण्याआधी हेच करायचं. पॅन भरताना लवंग तेलाचा एक थेंब घातला तर बुरशीला आळा बसतो. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत टाका. पत्र्याच्या पेटीचा रंग जिथे खरवडला असेल तिथे खाऱ्या हवेत लगेच गंज धरतो, त्यावर निघण्याआधी नेलपॉलिश लावून घ्या.

आणि समुद्राचं पाणी रंगवायला घेऊ नका. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, पान पुन्हा पुन्हा दमट होतं. कोणत्याही घरी मागितलंत तर तांब्याभर गोडं पाणी मिळेल.

चालतीवही
पाणी भरायच्या ब्रशबद्दल. गाडीत त्याला पर्याय नाही. दांड्यात पाणी, वेगळं भांडं नको, शेजारच्या प्रवाशाच्या अंगावर काही सांडायची भीती नको. टोक स्वच्छ करायला जुन्या सुती मोज्याचा वरचा भाग कापून डाव्या मनगटावर चढवते, त्यावर ब्रश पुसला की झालं.

रत्नागिरीच्या थोडं आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. त्याच्या आधी वही उघडून पहिला हात मारून घ्या. अंधार सरेपर्यंत तो वाळलेला असतो आणि बाहेर पडल्यावर दुसरा हात देता येतो. खिडकीतलं दृश्य धरायला जाऊ नका, ते पळतंच. डब्यातली माणसं, वरच्या बर्थवरचं सामान, समोरच्याचे पाय, चहावाल्याची किटली हे सगळं तुमच्यासाठी थांबून असतं.

गोदाकाठ
चालतीवही, गाडीपुरतं मान्य. पण त्या ब्रशच्या टोकाला सतत ओल येत राहते, त्यामुळे घट्ट रंग उचलता येत नाही आणि कोरड्या ब्रशचं काम जमत नाही. आकाशासारखा मोठा सलग हातही त्याने ओढता येत नाही, पट्टे पडतात. सागरगोटींना जांभा आणि समुद्र दोन्ही रंगवायचे आहेत. त्यांनी टोपणाचा एक प्रवासी गोल ब्रश, आठ नंबरचा, जरूर न्यावा. टोक चांगलं असेल तर त्याच एका ब्रशने खिडकीचा गजही निघतो आणि आकाशही.

पाण्याला झाकण घट्ट बसणाऱ्या दोन लहान डब्या. एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. दोन डब्यांवर मी अडून बसेन. एकाच डबीत काम केलं की चौथ्या मिनिटाला सगळे पिवळे मळकट होतात.

चालतीवही
दोन्ही ब्रश न्या. मिळून पेनाएवढं वजन.

कागदवेडा
कागदावर कोणीच बोलेना! माझ्या मते पैसे खर्च करायचे तर ते कागदावर. विद्यार्थी वापराचे रंग चांगल्या कागदावर छान दिसतात, उलट मात्र होत नाही. शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा, खरबरीत किंवा मध्यम पोताचा. लाकडाच्या लगद्याच्या पातळ कागदावर पाणी साचतं, पान पन्हाळीसारखं वाकतं आणि दुसरा हात दिला की खालचा रंग उचलला जातो.

पण तयार कापसाच्या वह्या महाग आणि जड. त्यापेक्षा २२ बाय ३० इंची एक मोठा ताव घ्या. तो आधी निम्मा, मग पुन्हा निम्मा असा चार वेळा दुमडून फाडलात की साडेपाच बाय साडेसात इंचाचे सोळा तुकडे होतात. संपूर्ण तावाचं वजन जेमतेम १३० ग्रॅम. आठवड्याला सोळा पानं खूप झाली. कात्रीने कापू नका. घडीवर चमच्याची पाठ दाबून फिरवा, उलटी घडी घालून पुन्हा दाबा आणि सावकाश फाडा. कडा हातकागदासारखी मऊ येते. आधाराला त्याच मापाचा जाड पुठ्ठा, त्याला सगळीकडून रुंद सेलोटेप लावलेली म्हणजे भिजणार नाही, आणि दोन काळ्या क्लिपा. रंगवताना चारही कडांना मास्किंग टेप लावलीत तर कागद कमी वाकतो आणि भोवती पांढरी चौकट मिळते.

पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन या. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली संस्था आहे, तिथे सुट्या तावांतून हाताने निवडून घेता येतं. कोणताही हातकागद जलरंगाला घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब वर तसाच उभा राहिला तर कागदाला खळ नीट बसलेली आहे. लगेच टिपकागदासारखा शोषला गेला तर तो लिहायला किंवा पेन्सिलीला ठेवा.

सागरगोटी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. कंपासपेटी भाचीची जुनी मिळाली आहे, लोखंडीच आहे, चुंबक लावून पाहिला. माडबनीताई, लवंग तेल घरात आहेच.

आता लिहिण्याचं सांगा. सुटी पानं नेली तर लिहू कुठे? आणि शाई रंगाखाली पसरणार नाही अशी कोणती?

पानोपानी
माझा सगळा जीव लिहिण्यातच आहे, म्हणून सांगतो. चित्राच्या मागच्या बाजूलाच लिहा. ३०० जीएसएमच्या कागदातून शाई पुढे दिसत नाही. वेगळी वही केली की चित्र एकीकडे, मजकूर दुसरीकडे आणि वर्षभराने कोण कशाला होतं ते कळत नाही.

काय लिहायचं हा खरा प्रश्न असतो. ‘सुंदर सूर्यास्त पाहिला’ हे लिहू नका, ते चित्रात आहे. चित्रात जे येत नाही ते लिहा. वारा कुठून होता, भरती होती की ओहोटी, शेजारी कोण येऊन उभं राहिलं आणि काय म्हणालं, सुरमई काय भावाने चालली होती, कुठला वास येत होता. आई काय म्हणाली ते तर तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं.

शाईचं: रंगद्रव्याची शाई असलेली फाइनलायनर पेनं घ्या, ०.१ आणि ०.५ अशी दोन. वाळली की त्यावर ओला रंग फिरवता येतो. दमट हवेत पाच मिनिटं जास्त थांबा. साधं जेल पेन किंवा शाळेची निळी शाई पसरते. फाउंटन पेन आवडत असेल तर खास त्यासाठी बनवलेली कार्बन शाई मिळते ती भरा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, त्यातली लाख आत वाळून बसते आणि पेन कायमचं जातं. ती बोरूला आणि टाकाला.

एसटीची तिकिटं चिकटवणार असाल तर लक्षात ठेवा, मशीनमधून निघणारी तिकिटं उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असतात. काही महिन्यांत अक्षरं उडतात. तिकीट लावा, पण कुठून कुठे, किती वाजता आणि भाडं किती हे शेजारी पेन्सिलीने उतरवा. पातळ डिंकापेक्षा गोंदाची कांडी बरी, पान ओलं होत नाही.

बर्फाळ
मी कॅलगरीत असते. इथल्या थंडीत रंग कागदावरच गोठतात आणि बर्फाच्या नक्षीसारखे फुटतात, म्हणून हिवाळ्यात मी पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली नेते आणि घरी आल्यावर ओला ब्रश फिरवते. लेह-लडाखला जाणाऱ्यांनाही हे कामी येईल.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: हाफ पॅन केबिनमध्ये चालतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात ट्यूब आणि पाणी द्रव धरले जातात, प्रत्येकी १०० मिलीच्या आत. कटर आणि पॅलेट नाइफ खालच्या सामानात. तैलरंगवाल्यांनी टर्पेंटाइन विमानात कुठल्याच सामानात नेऊ नये, ते ज्वालाग्राही आहे. पाण्याचा ब्रश रिकामा करून न्या आणि फाउंटन पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा वर गेल्यावर फुगते आणि शाई बाहेर ढकलते. लेहला साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो, तिथे गाडीने गेलात तरी हेच होतं.

माडबनी
सागरगोटी, पिंगुळीला घाईत जाऊ नका. ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा तिथे जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या कुटुंबाने उभारलेलं संग्रहालय बघा. चित्रकथीची पोथी म्हणजे शिवलेली वही नसते. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, क्रमाने लावायची आणि एकेक दाखवत कथा सांगायची. सुटी पानं नेणार आहात तर हे प्रत्यक्ष पाहाच. आपल्याकडे प्रवासात न्यायची चित्रं कशी बांधत होते ते समजेल.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते. तळहातात मावणाऱ्या पत्त्यावर कारागीर किती कमी रेषांत मासा किंवा कासव उभं करतात ते बघत बसावंसं वाटतं. आणि हे चित्रकार सावळाराम हळदणकरांचं गाव. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र जलरंगातलं आहे.

हिरवाचाफा
थिबा राजवाड्याला किती वेळ ठेवावा? सगळी इमारत एका छोट्या पानावर कशी बसवायची?

गोदाकाठ
सगळी बसवू नका. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत कैदेत ठेवलं, १९१० साली हा वाडा झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. इतकी मोठी गोष्ट असलेल्या इमारतीची एक खिडकी पुरते. अर्धगोल कमानीच्या कोरीव लाकडी खिडक्या आहेत, त्यातली सावलीतली एक निवडा. तासाभरात सूर्य सरकतो, म्हणून बसल्या बसल्या आधी सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्या आणि नंतर त्या बदलू नका.

वेलबुट्टी
सागरगोटी, तुम्ही रंगवत असताना आई काय करणार? माझ्याबरोबर सासूबाई असतात. त्यांना मी कागदाचा एक तुकडा, पेन्सिल आणि माझ्याच पेटीतला यलो ऑकर देते. आयुष्यभर रांगोळी काढलेला हात आहे, ठिपके न मोजता तुळशीवृंदावन काढतात. त्यांची पानं माझ्या पानांच्याच गठ्ठ्यात ठेवते. बसायला दोघींना एकेक घडीची फोमची बसकण न्या, ती सॅकच्या पाठीकडे सपाट बसते. स्टूल नेऊ नका.

सागरगोटी
आई रांगोळी सुरेख काढते! हे तिला आत्ताच वाचून दाखवलं, सोळातले चार तुकडे तिने मागून घेतले. शेवटचे दोन प्रश्न. रंगवलेली पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतील का? आणि घाटावर किंवा देवळात बसले तर घाण पाणी कुठे ओतायचं?

माडबनी
पानं पूर्ण वाळल्यावरच गठ्ठ्यात घाला, आणि दोन पानांत बटर पेपर. जिथे रंग दाट लागला असेल तिथे रात्रीतून धरतो, म्हणून पहिले दोन दिवस गठ्ठा करकचून बांधू नका. हेअर ड्रायर असेल तर लांबून. फ्रीझरच्या पिशवीत घालून तोंड बंद कराल तर आतच ओल कोंडेल. त्यापेक्षा सुती कापडात गुंडाळा आणि ते कापड पुठ्ठ्यांच्या मधे.

घाण पाणी विहिरीच्या काठावर, तळीत किंवा देवळाच्या पायरीवर अजिबात नको. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात, आणि तळीचं पाणी गावात वापरतात. तुमच्या सहांत ते नाहीत तरीही डबीचं झाकण लावून परत न्या आणि मुक्कामाच्या न्हाणीत ओता. ब्रश पुसलेलं फडकं तिथेच धुऊन वाळत घाला, सकाळपर्यंत वाळतं.